दुधावर लक्ष

दार एवढ्या जोरात वाजलं की माझ्या हातातली ज्योत हलली, आणि सोन्याच्या साखळीची जी कडी मी जिवापाड जपून जोडत आणली होती ती वितळून तिचा मणी झाला. तोंडातून एक अस्सल शिवी गेली. शेजारच्या मेजावर धाकटी काम करत होती. तिने मान वर न करता नुसतं "बाबा!" म्हटलं, म्हणजे शिवी पोचली होती. मी उठून दाराकडे जातोय तोवर भोंगावहिनी आत आल्यासुद्धा. वरच्या मजल्यावर राहतात. हे नाव माझ्या बायकोने ठेवलेलं. बाई कुजबुजल्या तरी खालच्या न्हाव्याला ऐकू जातं. "अहो भावजी, जिवंत आहात ना? का घर पेटवून द्यायचं ठरवलंय बाप-लेकीनं?" असं म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात घुसल्या, गॅस बंद केला, तिथली खिडकी सताड उघडली आणि फडक्यात धरून दुधाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. दूध कसलं, बुडाशी नुसता कोळसा होता. त्यांच्या मागून निळसर धूर कामाच्या खोलीत सरकत आला. "माझ्या निजायच्या खोलीपर्यंत घाण वास आला, आणि तुम्ही इथे भिंतीपलीकडे बसलाय!" मला धूर दिसत होता. वास येत नव्हता.

"सर्दी झालीय," मी म्हटलं. झाली नव्हती. "आणि हिला? हिलाही सर्दी?" वहिनींनी धाकटीकडे हात केला. धाकटीने चिमटा खाली ठेवला आणि म्हणाली, "मला आला होता वास, काकू. मला वाटलं, खालच्या खानावळीतून येतोय." एवढं बोलून पुन्हा मान खाली घातली. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला, पातेलं मोरीत आपटलं आणि "घासा आता तुम्हीच, नाक नसेल, हात तर आहेत ना!" असं सुनावून निघून गेल्या. मी मुकाट्याने पातेलं घासत बसलो. घासताना ते एकदा नाकाशी नेलं. मग अगदी नाक आत घालून जोरात श्वास ओढला. गार पत्र्याचा स्पर्श तेवढा झाला. मोरीच्या वरच्या आरशात मी स्वतःला पाहिलं, पातेल्यात तोंड घातलेला म्हातारा, आणि हसू यायला हवं होतं ते आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी बाजारात गेल्यावर मी घरभर हुंगत फिरलो. साबण हुंगला. टर्पेंटाइनची बाटली हुंगली. कांदा चिरून नाकाला लावला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाकात काही शिरलं नाही. शेवटी माझ्याच जुन्या बुटात नाक घातलं. माणसाच्या बुटाला वास येत नसेल तर एक तर तो माणूस संत असला पाहिजे नाही तर त्याचं नाक मेलेलं. मी संत नाही हे माझी बायको सांगू शकली असती, पण तीही आता नाही. मी जिन्यात बसून राहिलो. हे झालं कधी? दिवा गेला की माणसाला कळतं, दात पडला की जीभ सारखी तिथेच जाते. नाक मात्र एका शब्दाने न बोलता निघून गेलं होतं, आणि मी कितीतरी दिवस, कदाचित वर्षं, नुसतं जेवत होतो आणि म्हणत होतो की हल्ली भाज्यांना पूर्वीसारखी चव राहिली नाही. धाकटीला नावं ठेवत होतो, की तुझ्या हाताला तुझ्या आईच्या हाताची सर नाही. ती ऐकून घ्यायची. मीठ पुढे करायची.

एक वास मला आठवायचा होता. आठवता येतो का वास? चेहरा डोळ्यांपुढे आणता येतो, आवाज कानात आणता येतो. वासाचं तसं नाही. तो आणता येत नाही, फक्त तो आला होता हे आठवतं. मी या खोलीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा नाकात जे घुसलं ते मला अजून ठाऊक आहे: कोळसा, टाकणखार, तापलेलं पितळ आणि या सगळ्यांवरून एक गोडसर, घशाला चिकटणारं काहीतरी. ही खोली सासऱ्यांची. मी त्यांच्याकडे काम शिकायला आलो आणि कामाबरोबर त्यांची मुलगीही घेऊन बसलो, असं ते चारचौघांत सांगायचे आणि वर "एवढं फुकटात कोण शिकवतो!" म्हणायचे. खोलीला एकच खिडकी. तिच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, पट्टी सुटली की तिच्यावर दुसरी, असे थर. दाराला जाड पडदा. पंखा नाहीच. "वारा म्हणजे चोर," सासरे म्हणायचे. वाऱ्याने ज्योत हलते, आणि घासताना उडणारा सोन्याचा कण वारा घेऊन जातो. आमच्या धंद्यात काही म्हणून वाया जाऊ देत नाहीत. फरशी झाडली की केर बरणीत. हात धुतले की पाणी बादलीत, महिन्याने तळाचा गाळ काढायचा. कामाचे कपडे फाटले की ते टाकायचे नाहीत, जाळायचे, आणि राखेतून सोनं वेगळं करायचं. तेही याच खोलीत, दार लावून. बाहेरच्या जगाला आमच्याकडून कण मिळत नसे याचा सासऱ्यांना केवढा अभिमान! आम्ही धूरसुद्धा बाहेर जाऊ दिला नाही.

डॉक्टर माझ्या थोरलीच्या वयाची होती. थोरली लग्न होऊन दूर गेली. सोन्याच्या कामाशी तिचा संबंध दागिने घालण्यापुरता. डॉक्टरने नाकात बॅटरी मारून पाहिलं, बाटल्या हुंगायला दिल्या, मग विचारलं, "काका, काम काय करता?" सांगितलं. "सोनं काही विषारी नसतं," मी आपलं आगाऊपणे म्हटलं. "सोन्याचं नाही विचारत. जोडता कशाने?" मी सांगितलं, सोन्याचे दोन तुकडे जोडायला मध्ये जो धातू वितळवतात त्याला आम्ही डाख म्हणतो, आणि आमच्या डाखात कॅडमियम असतं. ते असलं की डाख पाण्यासारखा पळतो, सांधा दिसतच नाही. केसाएवढ्या बारीक साखळ्या आमच्याच घराच्या, सगळ्या बाजारात. बोलता बोलता मी रंगात आलो होतो. तिने पेन खाली ठेवलं. "आणि तापवल्यावर धूर निघतो?" "निघतो की. पिवळट. चिमूटभर." "तो जातो कुठे?" मला हसू आलं. हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता, धूर कुठे जातो म्हणे! "खिडकी उघडी असते ना?" तिने विचारलं. "छे! सोनं उडून जाईल ना," मी म्हणालो, आणि ते वाक्य त्या पांढऱ्या खोलीत मला पहिल्यांदा कानांनी ऐकू आलं.

तिने रागावून वगैरे सांगितलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाली, तो धूर नुसता धूर नाही, काका, तो धातूच आहे, हवेत उडालेला. तुम्ही तो श्वासाबरोबर आत घेता, तो रक्तात जातो, मूत्रपिंडात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. मूत्रपिंडं हळूहळू कामातून जातात. हाडं ठिसूळ होतात. नाक जातं ते बिनबोभाट. मग रक्त, लघवी, सगळं तपासून झालं आणि आठवड्याने तिने सांगितलं की माझ्या मूत्रपिंडांनी दगा द्यायला सुरुवात केली आहे. आज थांबलात तर कदाचित आहे तिथेच राहील. वय कमी असेल, लवकर थांबलं, तर पुष्कळ वाचतं. नाकाचं काही सांगता येत नाही. आणि उठता उठता तिने विचारलं, "त्या खोलीत तुमच्याबरोबर आणखी कोणी बसतं का?" मी म्हणालो, "नाही. मी एकटाच." का म्हणालो? खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण धाकटीचं नाव त्या टेबलावर ठेवलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी त्या क्षणी वाटलं. बसमध्ये बसलो आणि धाकटीचं ते वाक्य पुन्हा आठवलं. मला आला होता वास, काकू. किती भरभर बोलली होती. खानावळ त्या दिवशी उघडी तरी होती का?

बसच्या काचेला डोकं टेकवून बसलो असताना मला बायको आठवली, आणि अशी आठवली की मी दचकलो. ती याच खोलीत वाढलेली. सासऱ्यांनी हा डाख आणला तेव्हा ती शाळेत जात होती, त्यांच्या मेजाखाली बसून अभ्यास करायची. आमच्या लग्नानंतर तिची एक लकब मला फार आवडायची. स्वयंपाक करता करता ती मधेच हाक मारायची, "अहो, जरा इकडे या, भाजी लागतेय का बघा." मी जाऊन हुंगायचो आणि सांगायचो. धुवायचा ढीग काढताना शर्ट माझ्या नाकाशी धरायची, "धुवू का, चालेल अजून एक दिवस?" मी म्हणायचो, नवऱ्याच्या नाकाला एवढा मान देणारी बायको शोधून सापडायची नाही. तिला हसू यायचं. मला वाटायचं, लाडाने विचारते. बसमधला माझ्या शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला, कारण मी मोठ्याने "अरे देवा" म्हणालो होतो. ती शेवटी एक पायरी चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं. एक पायरी! सगळे म्हणाले, एवढ्याशा पडण्याने कसं मोडलं. मग ती उठलीच नाही. आणि ती कधी बोललीही नाही. बोलली असती तर बापाच्या कामाला बट्टा लागला असता, नवऱ्याच्या कामाला लागला असता, म्हणून तिने आमच्यापुढे शर्ट धरले.

घरी आलो तर धाकटी काम करत होती. तिची मान त्याच कोनात वाकलेली, तिच्या आजोबांची वाकायची तशी, चेहरा ज्योतीच्या अगदी जवळ. ती डाखाला हात लावते तेव्हा मी कितीही कामात असलो तरी बघतो. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला. हे मी तिला कधी सांगितलं नाही, सांगायचं ठरवून राहून जातं. ती श्वास रोखते, डाखाचा कण ठेवते, ज्योत आणते, आणि डाख पळाला की लांब श्वास घेते. लांब श्वास! इतकी वर्षं मी ते बघत होतो आणि मला ते सुंदर वाटत होतं. "काय म्हणाली डॉक्टर?" तिने विचारलं. "काही नाही. हाड वाढलंय म्हणे नाकात." "मग कापणार?" "बघू." मी खिडकीशी गेलो आणि नखाने पट्ट्या सोलायला लागलो. कागदाच्या आत कागद, त्याच्या आत सासऱ्यांच्या काळातलं वर्तमानपत्र. खिडकी करकरत उघडली, रस्त्याचा आवाज आत आला. तिच्या ज्योतीने मान टाकली. "बाबा! काय करताय काय?" ती उठून आली, माझा हात बाजूला केला आणि खिडकी लावून घेतली. "हाड नाकात वाढलंय की डोक्यात?" आम्ही दोघंही हसलो. तिला वाटलं, मी हसतोय.

सांगून टाकायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण मी सांगितलं असतं तर ती एवढंच म्हणाली असती की मी ठीक आहे. ती माझीच मुलगी, आणि तिच्या आईची. तिचं या कामावर जीव टाकणं मला माहीत होतं. थोरलीला दागिने आवडायचे, हिला सांधे आवडायचे. लहानपणी बाहुलीचे हात तोडून पुन्हा जोडत बसायची. या डाखाशिवाय तिच्या साखळ्या होणार नाहीत. कॅडमियम नसलेला डाख आडदांड, तो जास्त जाळ मागतो आणि केसाएवढी कडी त्या जाळात टिकत नाही. म्हणजे तिला मेजावरून उठवायचं तर तिच्या हातातलं सगळ्यात चांगलं काम काढून घ्यायचं. त्यासाठी मला आधी पक्कं कळायला हवं होतं की तिच्यापर्यंत ते पोचलंय का. नसेल पोचलं तर, मी स्वतःशी घोळवत होतो, नसेल पोचलं तर देवाने वाचवलं, हळूहळू समजावता येईल. तोवर धूर तरी नको, म्हणून त्याच संध्याकाळी जोडकामाच्या बत्तीची गॅसची रबरी नळी काढून "गळतेय, दुरुस्तीला दिली" असं सांगून मी ती कपाटामागे लपवली. धाकटी वैतागली. दुकानदाराने करायला दिलेल्या साखळ्या अर्ध्यावर होत्या. पण बसून कड्या कापायला, घासायला लागली, आणि मी तिच्या नाकावर नजर ठेवून बसलो.

एखाद्याला वास येतो की नाही हे बघून कळत नाही. किती मूर्खपणाची गोष्ट आहे ही, पण मला ती या वयात कळली. ती साबणाची नवी वडी उघडून नाकाशी नेते, तर ते सवयीनेही असेल. एकदा मी दारातून जाताना पाहिलं, कपाट उघडून ती आईची शाल तोंडाशी धरून उभी होती. तिची आई गेल्यापासून ती शाल आम्ही धुतली नाही, कपाटात तशीच घडी करून ठेवली आहे. धाकटी डोळे मिटून, शालीत तोंड खुपसून उभी होती. माझा जीव भांड्यात पडला. ज्याला वास येत नाही तो असा उभा राहील कशाला? मी पाय न वाजवता मागे फिरलो. त्या रात्री मला छान झोप लागली. सकाळी पुन्हा शंका आली, कारण शंका माझ्या नाकासारखी नाही, ती जात नाही.

शेवटी मी मासळीबाजारात गेलो आणि मासे विकणाऱ्या बाईला म्हटलं, "शिळा द्या." तिला वाटलं, मी टोमणा मारतोय. "माझ्याकडे शिळं मिळत नाही!" म्हणून ती अशी कडाडली की आजूबाजूच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मुकाट्याने ताजा घेतला. एक तुकडा कागदात गुंडाळून धाकटीच्या मेजाच्या खालच्या खणात, मोडक्या कानशींच्या मागे, सरकवून दिला. आता थांबायचं. पण मजा अशी, की त्याला घाण यायला लागली का हे मला तरी कसं कळणार? मी माझ्या खोलीत बसून मासा कुजायची वाट बघत होतो आणि तो कुजला हे मला कळायचा काहीच मार्ग नव्हता. मी मनाशीच अंदाज बांधत होतो, उन्हाळा आहे, खिडकी बंद आहे, आज वास यायला हवा, आज तर नक्कीच. धाकटी घासत होती. कड्या मोजत नव्हती, बघूनच ओळखायची कमी पडतायत ते. मधे एकदा तिने खालचा खण ओढला, एक कानस घेतली, खण ढकलला. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "काय बघताय एवढं?" "काही नाही. मान दुखेल, सरळ बस." "तुम्ही बसता का सरळ?" झालं. पुन्हा घासायला लागली. मी स्वतःला समजावलं, मासा ताजा होता, अजून कुजला नसेल.

आणि एके दिवशी सकाळी मी खण उघडला तर पुडकं नव्हतं. मी सगळ्या कानशी बाहेर काढल्या, हात आतपर्यंत घातला. नव्हतं. खणाचं बूड पुसलेलं, साबणाच्या पाण्याने. मी तिथेच जमिनीवर बसलो. आला! तिला वास आला, तिने शोधलं, नाक मुरडून फेकून दिलं असेल, आणि बापाचा विसराळूपणा समजून बोलली नसेल. मला नाचावंसं वाटलं. एवढा आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता, तेव्हा मी आपला मुलगा होईल या आशेवर होतो. आता मला सगळं सांगता येणार होतं. डॉक्टरकडे नेता येणार होतं, खिडकी उघडता येणार होती, जाड साखळ्या करू, दुकानदार गेला उडत. मी वहिनींचं एक ताट परत द्यायचं राहिलं होतं ते घेतलं आणि जिना चढलो. खरं म्हणजे मला कोणाला तरी काहीतरी गोड बोलायचं होतं.

वहिनींनी ताट घेतलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. मला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. "भावजी, बसा जरा. मी बोलणार नव्हते, पोरीने शपथ घातलीय. पण माझ्या पोटात राहत नाही हो." मी उभाच राहिलो. "काल तुम्ही बाहेर गेला होतात. तुमच्या दाराशी असा वास, असा वास, की उंदीर मेलाय म्हणून मी आत शिरले. ही आपली शांतपणे घासतेय! मी म्हटलं, अगं बाई, तुला येत नाही का? तर म्हणाली, कुठून येतोय काकू, तुम्हीच शोधा, मला नाही कळत. मी नाकाच्या वाटेने जाऊन खण काढला. तिनेच फेकलं, तिनेच पुसला खण, आणि तीन वेळा मला विचारलं, गेला का वास, गेला का. मग रडली. म्हणाली, बाबांना सांगू नका. त्यांना कळलं तर मला मेजावरून उठवतील." वहिनी थांबल्या. "भावजी, हे काय आहे तुमच्या घरात?" मला फक्त वहिनींच्या खोलीचा पंखा दिसत राहिला, त्याच्यामागची उघडी खिडकी, आणि तिच्यातून ये-जा करणारा वारा. मी म्हणालो, "धूर आहे, वहिनी." आणि जिना उतरलो, कठडा धरून, एकेक पायरी बघून.

दाराशीच आवाज ऐकू आला. बत्तीचा. नळी सापडली होती तिला. पडदा सारला तर ती वाकलेली होती, चिमट्यात कडी, कडीवर डाखाचा कण, आणि वर पिवळट असा एक धागा, जो मी जन्मभर पाहिला आणि जो पाहण्यासारखा आहे असं मला कधी वाटलं नाही. तो तिच्या चेहऱ्यापर्यंत सरळ जात होता. मी जाऊन गॅसची टाकी बंद केली. ज्योत फक् करून गेली. "बाबा, सांधा अर्धवट राहिला!" "राहू दे." "आणि नळी कपाटामागे कशी काय दुरुस्त होते हो?" मी तिच्या हातातून चिमटा काढून घेतला, हलकेच, लहानपणी तिच्या हातातून कात्री काढून घ्यायचो तसा. डाखाची डबी उचलून खिशात टाकली. खिडकी उघडली. मेजावरच्या घासलेल्या सोन्याचा बारीक कीस जरा हलला आणि काही उडालाही असेल. मग स्वयंपाकघरात गेलो, पातेल्यात दूध ओतलं, गॅसवर ठेवलं आणि तिला हाक मारली, "इकडे ये. दुधावर लक्ष ठेवायचंय."

"त्याला दोघं कशाला?" म्हणत ती आली. मी म्हणालो, "दोघांनी मिळून एक माणूस होतो." ती ओट्याशी माझ्या शेजारी उभी राहिली. काही वेळ आम्ही दोघं दुधाकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "काकूंनी सांगितलं." हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "त्यांना आपण भोंगा उगाच म्हणतो का?" ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली, आणि मी तिला पुसायला फडकं दिलं, ते भांड्याचं होतं. "तुम्हाला कधीपासून?" तिने विचारलं. "माहीत नाही. तुला?" दुधावर साय धरायला लागली होती. "आईची शाल," ती म्हणाली. "मी रोज घ्यायचे वास. एक दिवस आलाच नाही. मला वाटलं, उडून गेला. मला वाटलं, रोज घेऊन घेऊन मीच संपवला. मी किती रडले, बाबा. मग कधीतरी लक्षात आलं की साबणालाही येत नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांत सोन्याचा कण होता, एरवी मी तो चिमटीने उचलून बरणीत टाकला असता.

"काल काकूंना दाखवली," ती म्हणाली, "शाल. म्हटलं, हुंगा."

"मग?"

"म्हणाल्या, आहे की अजून. तुझ्या आईचाच. घमघमतोय."

दूध कडेने थरथरलं. मग मधून फुगलं आणि एकदम वर यायला लागलं. "आलं, आलं!" ती ओरडली, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी हात पुढे करून गॅस बंद केला.